ठमायची टाच

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या तीरावर जायचं तर होडीवाल्याला हाका मारून घसा कोरडा करावा लागायचा, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे. तेव्हा तिवरखार नावाच्या गावात ठमाय नावाची म्हातारी राहत होती. गावात राहत होती असं आपलं म्हणायचं. तिचं खोपट गावाबाहेर होतं, खाडीच्या बांधाच्या पार टोकाला. एक दार, एक चूल, एक मडकं आणि ती एकटी.

आता हा बांध समजला नाही तर गोष्ट समजायची नाही, म्हणून आधी तो ऐका. एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधे माणसांनी घातलेला मातीचा बांध. भरती आली की खाडी शेतांच्या वर चढते. बांध आहे म्हणून भात आहे. या बांधाला वैरी एकच, आणि तो वाघ नव्हे की पेंढारी नव्हे. तो खेकडा. खेकडा बांधात बोटभर बीळ करतो. उधाणाचं पाणी त्या बिळात शिरतं, बोटाचं हाताएवढं होतं, हाताचं माणसाएवढं होतं आणि बांध फुटतो. याला तिकडे खांड गेली असं म्हणतात. एकदा खांड गेली की शेतात मीठ बसतं, आणि मग दोन-तीन पावसाळे त्या मातीत दाणा धरत नाही.

ठमायचा नवरा काना अशीच एक खांड बुजवताना गेला. ठमाय तेव्हा ऐन तरुण होती, पोटी मूल नव्हतं. त्याच वर्षी तिची जाऊ बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ दीरही गेला. त्यांचं तान्हं पोर, जोमा, ठमायच्या पदरात आलं. त्या पोराला पाठीशी बांधून ती बांधावर जायला लागली. जोमा पहिलं पाऊल टाकायला शिकला ते बांधावर, तिचं बोट धरून.

ओहोटी लागली की ठमाय निघायची. डोक्यावर टोपली, टोपलीत चिकणमाती आणि भाताचा पेंढा, पाय अनवाणी. ती डोळ्यांनी बीळ शोधत नसे, टाचेनं शोधत असे. टाच ठेवायची, थोडं थांबायचं, मग भार द्यायचा. खाली पोकळ असेल तर टाचेला कळायचं. मग ती तिथं उकरायची, माती-पेंढ्याचा गोळा आत सारायची आणि टाचेनं धपाधप ठोकायची. तिची टाच भेगांनी भरलेली होती आणि त्या भेगांत बांधाची माती कायमची बसलेली होती.

असं म्हणतात, की तिच्या टाचेचा आवाज ओळखून खेकडे परतीची वाट धरत. असं म्हणतात, की तिनं ठोकलेल्या जागी पहार आपटली तर पहार वाकायची. असंही म्हणतात, की तिचा फेरा पुरा होईपर्यंत भरती थांबून राहायची. समुद्र कुणासाठी थांबत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गावाला तसं म्हणायला आवडतं. थांबायचं काम समुद्राच्या गळ्यात घातलं, की माणसांना काही करायला उरत नाही.

वर्षं गेली. ठमायचे केस पांढरे झाले, पाठीला बाक आला, दात गेले. पाय मात्र गेले नाहीत. आपलं पाणी ती आपण भरी, आपलं सरपण आपण फोडी, आपली भाकर आपण थापी. जोमा मोठा झाला, गावाच्या मध्यावर त्यानं घर बांधलं, पंचांत बसायला लागला. तो चार-आठ दिवसांनी खोपटावर यायचा आणि दर वेळी एकच म्हणायचा, की काकी, आता आमच्यात येऊन राहा. ठमाय हसायची आणि म्हणायची, "पाय चालतान तवर मी माजी रं. पाय थांबलं का मी तुमची."

जोमाला वाटायचं, म्हातारी गंमत करते. ती गंमत करत नव्हती. तिला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती मरणाची नव्हती. आपल्याला कुणीतरी उचलून ठेवेल आणि आपण ठेवल्या जागी राहू, याची तिला भीती होती.

मग जोमाच्या लेकीची सोयरीक आली. पाहुणे पलीकडच्या तीरावरून होडीनं आले. ओहोटीची वेळ होती. होडी बांधाला लागली तेव्हा पाहुण्यांना दिसली एक म्हातारी, गुडघाभर चिखलात उभी, पाय आपटत असलेली. त्यांनी होडीवाल्याला विचारलं, ही कोण? होडीवाल्याच्या पोटात काही राहत नसे. तो म्हणाला, ही तुमच्या होणाऱ्या व्याह्याची काकी.

घरी पानसुपारी झाली, पोरगी पसंत पडली, सगळं गोड झालं. उठता उठता त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "पोरगी चांगली हाय, घर चांगला हाय. पन तुमचे गावान गडी मानसा नाय का? म्हातारीला चिखलान घालताव ती?"

पाहुणे हसले. जोमा हसला नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं काकीला चिखलात घातलं नव्हतं, ती आपण होऊन जात होती, पण हे कुणाला सांगणार? लोकलाजेला समजूत घालता येत नाही. काकीवर त्याचा जीव होता, हे खरं. पण त्या दिवशी त्याला काकीपेक्षा आपलं नाक जास्त आठवलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. जोमा म्हणाला, की ही आपल्या साऱ्या गावाची नाचक्की आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. गावाला वाईट करायला वेळ लागतो, चार जण विचार करतात, एखादा आडवा येतो. चांगलं करायचं ठरलं की कुणी विचार करत नाही. ठरलं असं: ठमायला गावात आणायची. जोमाच्या ओटीवर तिला नवी खाट करायची. एकेका घरानं पाळीनं तिला ताट पोचवायचं. आणि बांधाचं काय? तेही पाळीनं. आज या घरानं फेरा मारायचा, उद्या त्या घरानं. ठमायला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वाजतगाजत नेली तिला. चौघांनी खांद्यावर घेतली. ती म्हणत होती, अरे मला पाय आहेत, मी येते चालत. त्यावर सगळे कौतुकानं हसत होते. खाटेवर बसवल्यावर ती जोमाला म्हणाली, "मी काय चोरी केली रं?"

"काकी, जल्मभर चाललीस. आता बस."

"बसून काय करू?"

"काय करू नको. त्याच्यासाठीच तर आनलीय तुना."

पहिले काही दिवस ठमाय गुपचूप उठायची. विहिरीवर जाऊन मडकं भरायला वाकली, की कुणाची तरी सून धावत यायची आणि मडकं हातातून घ्यायची. "ठमाय, आमी मेलाव का?" असं म्हणायची. केरसुणी हातात घेतली, की केरसुणी जायची. चुलीपुढे बसली, की तिला हाताला धरून उठवायचे. एकदा ती पहाटे बांधाच्या वाटेला लागली. कुणाच्या तरी नजरेस पडली आणि त्यानं तिला लहान मुलासारखी पाठुंगळीला मारून परत आणली. सबंध गावभर त्याची वाहवा झाली. जोमानं त्या दिवशी तिची काठी माळ्यावर टाकली, का तर काठी दिसली की म्हातारीला चालावंसं वाटतं.

मग ठमायनं दुसरी युक्ती काढली. दुपारी सगळे शेतावर गेले, की ती ओटीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि जागच्या जागी टाच आपटायची. एक पाय, मग दुसरा. धप, धप. आपण बांधावर आहोत असं मनात धरायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा बांध तिथंच उभ्यानं चालायचा. उघाडी आली, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची ती लाकडी झडप, की थोडं थांबायचं. काना जिथं गेला ती जागा आली की हात जोडायचे. जोमाच्या घरच्या त्या खांबापाशी जमिनीत टाचेएवढा खळगा पडला. ते घर केव्हाच पडलं, पण खळगा अजून आहे आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठत नाही, असं म्हणतात.

जोमानं हे पाहिलं आणि त्याचा जीव वरखाली झाला. "काकी, पडशील," तो म्हणाला. त्यानं खाट खांबापासून लांब नेली आणि खाली जाड गोधडी अंथरली. ठमायचा पाय त्यानंतर मातीला लागला नाही.

आणि गावातल्या बायका किती चांगल्या. रोज संध्याकाळी कुणीतरी खोबरेल घेऊन यायची आणि ठमायच्या टाचांना चोळायची. भेगांतली माती धुऊन निघाली. भेगा बुजल्या. पावसाळा आला तोवर टाच अशी मऊ झाली, की बायका एकमेकींना बोलावून दाखवायच्या. बघा गं, म्हातारीचा पाय, बाळाचा पाय. ठमाय तोंड भिंतीकडे करून पडायची. तिला ज्यांनी मारलं त्यांच्या हाताला खोबरेलाचा वास होता, असं गावातली एखादी म्हातारी अजून बोलून जाते.

ताट मात्र एक दिवसही चुकलं नाही. चुकेल कसं? ताट घेऊन जाणारी बाई सगळ्या गल्लीला दिसते. बांधाचा फेरा कुणाला दिसतो? पहिल्यांदा घरटी गडीमाणूस गेला. मग गडी गेला नाही, पोरगा गेला. मग पोरगा अर्ध्यातून परत आला. मग ज्याची पाळी त्यानं लांबूनच बांध पाहिला, आणि बांध जागेवर होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर बांध साऱ्या गावाचा पाहुणा झाला होता.

श्रावणात एक दिवस ओटीवर ठमायच्या खाटेपाशी खेकडा आला. चांगला थोरला, पाठीवर काळा चिखल. तो गोधडीच्या कडेला येऊन थांबला. असं म्हणतात, की तो तिला विचारायला आला होता, की म्हातारे, तुझा आवाज का येईनासा झाला? खेकडे एवढे मायाळू असते तर आणखी काय हवं होतं. ठमायला दिसलं ते एवढंच, की चिखल काळा आहे. काळा चिखल खाडीचा. शेतातला चिखल तांबूस. खाडीचा खेकडा शेताच्या अंगाला आला, म्हणजे बीळ आरपार गेलं.

तिनं जोमाला हाक मारली. "बांध पोकल झालाय. आज जा. आत्ता जा."

जोमानं ज्याची पाळी होती त्याला विचारलं. तो म्हणाला, बघून आलो, ठीक आहे. आदल्या दिवशीच्याला विचारलं. तोही म्हणाला, बघून आलो. जोमा परत आला आणि म्हणाला, "काकी, तू बस. आमी बघताव."

पिठोरी अमावस्या आली. अमावस्येचं उधाण भर दुपारी चढतं. त्या दिवशी पाळी होती जोमाच्याच घराची. पण सण होता, लेक-जावई पहिल्या सणाला आले होते, घरात पुरणाचा घमघमाट होता. सणाच्या दिवशी चिखलात कोण जातो? उद्या बघू, असं जोमा म्हणाला आणि जावयाला आग्रह करायला बसला. पंगत मागच्या अंगणात होती.

पुढच्या ओटीवर ठमाय एकटी होती. तिनं पाय खाली सोडले, गोधडी बाजूला सारली. पाय मातीला लागला आणि तिला रडू आलं. काय काय कळायचं या पायाला, आता नुसता गारवा कळत होता. ती खांबाला धरून उठली, मग कुंपणाला धरून चालली. कुंपण संपलं तिथं पडली. मग रांगली. जी वाट ती गावातून पेंढ्याची टोपली डोक्यावर घेऊन गाणं म्हणत जायची, ती वाट तिनं हातांवर ओढत कापली. वाटेत कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर उचलून परत आणली असती आणि गावाला पुन्हा पुण्य लागलं असतं. असं म्हणतात, की तिच्या पुढे वाट दाखवत खेकडा तिरका तिरका चालला होता.

बांधावर पोचली तेव्हा पाणी काठोकाठ होतं. शेताच्या अंगाला मनगटाएवढी धार लागली होती आणि तिच्यासमोर गुडघाभर हिरवा भात उभा होता. ठमायला सगळं ठाऊक होतं. कुठं उकरायचं, गोळा कसा सारायचा, टाच कुठं मारायची. तिनं दोन्ही हातांनी माती ओढली, भोकात सारली आणि ठोकायला पाय उचलला. पाय उठेना. पुन्हा प्रयत्न केला. गुडघा वाकला तो सरळ होईना. पाण्यानं माती वाहून नेली.

तिकडे पंगतीत कुणाला तरी आठवलं, की ठमायला पुरणपोळी द्यायची राहिली. ओटी रिकामी दिसली. जोमाला क्षणात कळलं, ती कुठं गेली असेल ते. तो हातातला घास टाकून धावला, मागून सगळा गाव धावला. वरातीमागून घोडं, दुसरं काय. जोमा बांधावर चढला तेव्हा ठमाय धारेत बसली होती. पाठ भोकाला टेकवून, पाय पसरून. गावानं वर्षभर तिला बसायला शिकवलं होतं. तेवढंच तिला आता येत होतं, तेवढं तिनं केलं.

"काकी, ऊठ," जोमा ओरडला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असं म्हणतात. राग असता तर जोमाला पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "पाय उचलत नाय रं, जोमा."

आणि त्या दोघांच्या मधला बांध खचला. खांड गेली. आधी नांगराच्या तासाएवढी, मग बैलगाडी जाईल एवढी. खाडी शेतांत शिरली आणि हिरवा भात बघता बघता दिसेनासा झाला. ठमायही दिसेनाशी झाली.

पाणी ओसरल्यावर लोकांनी तिला शोधलं. ती सापडली नाही. खांडीच्या तोंडाशी, जिथं ती बसली होती, तिथं एक काळा दगड होता. त्या चिखलात मैलभर कुठं दगड नाही, हे कुणीही सांगेल. दगड बसलेल्या बाईसारखा दिसत होता, आणि खाली एका बाजूला तो टाचेसारखा खरबरीत होता, भेगा पडलेला. जोमानं त्या भेगांवर हात ठेवला आणि तो गुरासारखा रडला. पुढचे तीन पावसाळे तिवरखारात भात पिकला नाही. लोक मिठागरांवर मजुरीला गेले, काही परत आले नाहीत.

जोमा मरेपर्यंत रोज बांधावर चालला. त्याची पोरं त्याला म्हणाली, बाबा, तुमचं वय झालं, आता बसा. त्यावर तो हातातला चिखलाचा गोळा त्यांच्या अंगावर फेकायचा. गाव म्हणायचं, जोमाच्या डोक्यावर परिणाम झाला. शहाण्यांच्या गावात शहाणपण आलेल्या माणसाला असंच म्हणतात.

तिवरखार अजून आहे. बांधाला आता खाडीच्या अंगानं दगड लावले आहेत, खाडीवर पूल आहे. उघाडीजवळ गावानं ठमायची घुमटी बांधली आहे आणि तो दगड त्या घुमटीत ठेवला आहे. ठेवला आहे म्हणायचं, पण दर वर्षी पिठोरीच्या सकाळी घुमटी रिकामी असते. दगड बांधावर कुठंतरी पुढे गेलेला असतो. तो जिथं सापडतो तिथं खणलं, तर हमखास बीळ निघतं, असं म्हणतात.

म्हणून पिठोरीला गावातली सगळी म्हातारी माणसं बांधावर चालत दगड शोधायला निघतात. तरुणांनी मागे राहायचं, कुणाचा हात धरायचा नाही, कुणाचं ओझं घ्यायचं नाही, अशी रीत आहे. कुणी पडलं तर त्यानं आपण उठायचं. प्रत्येक म्हातारा-म्हातारी मातीचा एक गोळा बिळात घालते आणि टाचेनं ठोकते. त्या दिवशी तिवरखारात म्हाताऱ्या माणसाला कुणी 'बसा' म्हणत नाही. पाहुणा आला तरी म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हातारी माणसं फार हसतात. दुसऱ्या दिवशी त्यांची काठी माळ्यावर जाते, मडकं हातातून जातं, आणि ती आपापल्या खाटेवर असतात.

आणि दगड? बीळ बुजलं, की गावातले चार धट्टेकट्टे गडी तो खांद्यावर घेतात आणि वाजतगाजत परत आणतात. घुमटीत नीट बसवतात. बायका पुढे होतात आणि त्याच्या भेगांना खोबरेल चोळतात. मग सगळा गाव हात जोडतो आणि मोठ्या मायेनं म्हणतो, ठमाय, आता बस.